थांबलेल्या रक्तस्रावावर विसंबू नका

पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतात. टाके सुकलेले असतात, पेशंट घरात हिंडूफिरू लागलेला असतो. मग एक दिवस उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते. शी डांबरासारखी काळी आणि चिकट होते, डोळे पिवळसर दिसतात, उठून उभं राहिलं की अंधारी येते. दोन दिवसांत हे सगळं आपोआप ओसरतं. घरात कुणी म्हणतं ॲसिडिटी असेल, कुणी म्हणतं रक्तवाढीच्या गोळ्यांनी शी काळी झाली असेल. पेशंटला बरं वाटत असतं, त्यामुळे डॉक्टरांकडे जाणं लांबणीवर पडतं. मला लिहायचं आहे ते याच दोन-चार दिवसांबद्दल. यकृताच्या धमनीतून रक्तस्राव होत असेल, तर जीव वाचवायची सगळ्यात चांगली संधी त्याच दिवसांत असते.

आधी आत काय घडलेलं असतं ते पाहू. धमनीची भिंत तीन थरांची असते. ऑपरेशनमध्ये तिला उपकरणाचा धक्का किंवा कॉटरीचा चटका लागला, बायोप्सीची सुई तिच्यातून गेली, काविळीसाठी बरगड्यांमधून पित्तनलिकेत नळी घालताना वाटेत ती लागली, किंवा अपघातात यकृतच फाटलं, की या भिंतीला भोक पडतं. रक्त बाहेर येतं, पण भोवतालच्या ऊती आणि गोठलेलं रक्त त्याला तिथल्या तिथे अडवून धरतात. धमनीला लागून रक्ताची एक पिशवी तयार होते. डॉक्टर तिला स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. या पिशवीला धमनीची स्वतःची भिंत नसते, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमनीतलं रक्त दाबाने तिच्यात घुसत असतं. ती केव्हा फुटेल याचा नेम नाही. शेजारच्या पित्तनलिकेत फुटली तर रक्त आतड्यात उतरतं आणि शीतून किंवा उलटीतून दिसतं. पोटाच्या पोकळीत फुटली तर बाहेर काहीच दिसत नाही, पेशंट मात्र पांढराफटक पडत जातो.

भिंत सगळीकडून फुगून होणारा खरा ॲन्युरिझम वेगळा. यकृताच्या धमनीवरचा असा ॲन्युरिझम लहान असेल आणि काही त्रास देत नसेल, तर त्यावर लक्ष ठेवून थांबता येतं. साधारण २ सेंटिमीटरच्या पुढे गेला की उपचाराचा विचार होतो. स्यूडोॲन्युरिझमला ही सवलत नाही. पोटातल्या धमन्यांच्या ॲन्युरिझमबद्दल अमेरिकेतल्या सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरी या संस्थेने २०२० मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत यकृताच्या धमनीवरच्या स्यूडोॲन्युरिझमचं कारण काहीही असो, निदान होताच उपचार करा असं सांगितलेलं आहे. म्हणून रिपोर्टमध्ये ‘८ मिलिमीटर’ असं लिहिलेलं असेल आणि कुणी म्हणालं की लहान आहे, महिन्याभराने पुन्हा सोनोग्राफी करू, तर थांबण्याचं नेमकं कारण विचारा. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

रक्तस्राव मधेच थांबतो कसा, हेही समजून घ्यायला हवं, कारण फसगत तिथेच होते. बरंच रक्त गेलं की रक्तदाब उतरतो, पिशवीतला दाब कमी होतो आणि भोकावर गुठळी बसते. पेशंटला सलाईन लागतं, रक्त चढवलं जातं, दाब पूर्ववत होतो. पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत ती कच्ची गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागतं, बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त. स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशननंतर, ज्याला व्हिपल म्हणतात, तर हे फार पाहायला मिळतं. सातव्या-आठव्या दिवशी ड्रेनच्या नळीतलं पाणी अचानक लाल होतं, तासाभरात पुन्हा स्वच्छ येऊ लागतं. या छोट्या रक्तस्रावाला सर्जन मंडळी पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची सूचना मानतात. रात्री पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकाने बाटलीतला रंग बदललेला पाहिला, तर नर्सला तेव्हाच उठवावं आणि जमल्यास मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. सकाळच्या राउंडपर्यंत बाटली रिकामी केलेली असते आणि तोंडी सांगितलेल्या ‘थोडं लाल आलं होतं’ला तेवढं वजन राहत नाही.

आपल्याकडे हे कुणाला होऊ शकतं? पित्ताशय, पित्तनलिका, स्वादुपिंड किंवा यकृत यांवर ऑपरेशन झालेल्यांना. यकृताची बायोप्सी झालेल्यांना. काविळीत बरगडीखालून नळी टाकलेल्यांना. दुचाकीच्या अपघातात हँडल पोटात घुसलेल्या, उंचावरून किंवा विहिरीत पडलेल्या माणसांना. अशा जखमी यकृतावर आता बहुतेक वेळा ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण घरी सोडल्यावरही काही आठवडे हा धोका मनात ठेवायला हवा. यकृतात पू झालेल्यांमध्ये आणि स्वादुपिंडाला सूज आलेल्यांमध्येही जंतुसंसर्गाने किंवा स्वादुपिंडाच्या पाचकरसाने धमनीची भिंत खाल्ली जाऊ शकते. आणि यकृत प्रत्यारोपण झालेल्यांना. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहितो, कारण त्यांचा हिशेब वेगळा आहे.

पोटात उजवीकडे वर दुखणं, कावीळ आणि आतड्यातून रक्तस्राव या तीन लक्षणांची सांगड जर्मन वैद्य क्विंके यांनी १८७१ मध्ये घातली. तिन्ही एकत्र असतील तर निदान सोपं. पण तिन्ही एकत्र साधारण एक तृतीयांश पेशंटमध्येच दिसतात. उरलेल्यांत नुसतं हिमोग्लोबिन घसरत राहतं, किंवा नुसती कावीळ परत येते, कारण पित्तनलिकेत रक्ताच्या गुठळ्या अडकलेल्या असतात. त्यामुळे तिन्ही लक्षणांची वाट पाहू नका. वर सांगितलेल्यांपैकी काही इतिहास असेल आणि नंतरच्या दोन-तीन महिन्यांत काळी शी, रक्ताची उलटी, अंधारी, नव्याने कावीळ किंवा ड्रेनमध्ये, काविळीच्या नळीला जोडलेल्या पिशवीत रक्त, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. घाम सुटून हातपाय गार पडत असतील, नाडी जलद लागत असेल, तर १०८ ला फोन करा. आणि तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक तारखेला अमुक ऑपरेशन झालं होतं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांपुढे काळी शी झालेला पेशंट आला की त्यांच्या मनात आधी अल्सर येतो, आणि ते स्वाभाविक आहे. ऑपरेशनचा उल्लेख झाला की विचाराची दिशा बदलते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तोंडातून दुर्बीण घालून केलेली एंडोस्कोपी ‘नॉर्मल’ आली, तरी यकृताच्या धमनीतला रक्तस्राव निकालात निघत नाही. रक्त पित्तनलिकेच्या तोंडातून आतड्यात येतं, आणि ते तोंड नेहमीच्या समोर पाहणाऱ्या दुर्बिणीला नीट दिसत नाही. शिवाय त्या घडीला रक्त थांबलेलं असेल तर दिसण्यासारखं काही नसतंच. अशा वेळी विचारायची तपासणी म्हणजे पोटाची सीटी अँजिओग्राफी. तिच्यात धमनीत डाय (चित्रात रक्तवाहिनी उठून दिसावी म्हणून सोडायचा द्रव) भरलेला असतानाच्या सेकंदांतली चित्रं लागतात. नंतरच्या टप्प्यातल्याच चित्रांवर भागवलं तर छोटी पिशवी निसटू शकते. या सीटीआधी तोंडाने पाजायचा डाय देऊ नये, कारण आतड्यात तो पांढरा दिसतो आणि ताजं रक्त त्यात लपतं. डॉप्लर सोनोग्राफीत पिशवीत गोल गोल फिरणारं रक्त लाल-निळ्या रंगांत दिसलं तर उत्तमच, पण डॉप्लरमध्ये काही दिसलं नाही म्हणून विषय संपवू नये.

सीटीत पिशवी दिसली, की पुढचा प्रश्न असतो कुठे जायचं. हृदयाच्या अँजिओप्लास्टीची कॅथलॅब आता महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आहे. पण यकृताच्या धमनीचा उपचार करायला मशीनबरोबर त्या धमन्यांवर हात बसलेला माणूस लागतो, म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, आणि त्याच्या हाताशी मायक्रोकॅथेटर, कॉइल आणि ग्लू असावं लागतं. मुंबईत केईएम, टाटा मेमोरियल यांसारख्या ठिकाणी असे विभाग आहेत. पुण्या-नागपुरातल्या मोठ्या हॉस्पिटलांतही हे डॉक्टर भेटतात. पेशंट हलवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना तिकडे थेट फोन करायला सांगा आणि तीन गोष्टी विचारून घ्यायला लावा: इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आज उपलब्ध आहेत का, आयसीयूत बेड आहे का, आणि पेशंटच्या गटाचं रक्त आहे का. सोबत सीटीची सीडी घ्या. नुसती फिल्म आणि टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही. सीडीतली मूळ चित्रं पाहून आम्ही रेडिओलॉजिस्ट पेशंट येण्यापूर्वीच कुठल्या फांदीत शिरायचं हे ठरवून ठेवू शकतो आणि त्याने अर्धा-पाऊण तास वाचतो. अँब्युलन्समध्ये बसण्याआधी दोन्ही हातांत जाड सुया लावलेल्या असाव्यात, आणि शक्य असेल तर सोबत डॉक्टर असावा.

काविळीची नळी असलेल्या पेशंटबद्दल एक ताकीद. नळीतून किंवा नळीभोवतीने रक्त येतंय म्हणून ती घाईने ओढून काढू देऊ नका. पुष्कळदा त्या नळीनेच भोक दाबून धरलेलं असतं. ती काढायची तर कॅथलॅबमध्ये, आत तार ठेवून आणि अँजिओग्राफीची तयारी करून. कधी कधी नळी तारेवरून थोडी मागे घेतल्याशिवाय रक्तस्रावाची जागा पडद्यावर दिसतसुद्धा नाही.

आता प्रत्यक्ष उपचार. याला एम्बोलायझेशन म्हणतात. बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही; जांघेत किंवा मनगटात जागा बधिर करून, थोडं गुंगीचं इंजेक्शन देऊन काम होतं. पेशंट जागा असतो, आणि डाय सोडताना पोटात गरम लाट गेल्यासारखं वाटेल हे त्याला आधी सांगितलेलं असलं तर तो दचकत नाही. धमनीत शीथ म्हणजे एक बारीक नळी बसवायची, तिच्यातून कॅथेटर महाधमनीत न्यायचं आणि तिथून पोटाच्या धमनीत वळवायचं. मग डाय सोडून चित्र घ्यायचं. या चित्रात आम्ही शोधतो ती गोष्ट अशी: डाय धमनीच्या फांद्यांमधून सरकतो आणि पुढे निघून जातो, पण एका जागी काळा ठिपका मागे राहतो. फांद्या पुसट होऊन दिसेनाशा झाल्या तरी तो ठिपका तिथेच रेंगाळतो. तीच पिशवी. दर पाच-सात माणसांमागे एकात यकृताची उजवी धमनी नेहमीच्या जागेहून न निघता आतड्याच्या धमनीतून निघते, म्हणून पहिल्या चित्रात काही सापडलं नाही तरी आतड्याच्या धमनीचंही चित्र घेतल्याशिवाय काम आटोपत नाही.

ठिपका सापडला की मोठ्या कॅथेटरच्या आतून मायक्रोकॅथेटर पुढे सरकवतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या आसपास असते. ते पिशवीच्या पलीकडे नेणं, हे या सगळ्या कामातलं सर्वांत नाजूक पाऊल. त्या पातळ पिशवीला धक्का न लावता तिच्या तोंडावरून पुढे जायचं असतं. पलीकडे का जायचं? पाटाला दोन्ही टोकांनी पाणी येत असेल तर एकाच बाजूला बांध घालून शेत वाचत नाही, तसंच यकृतातल्या धमनीचं आहे. तिच्या फांद्या आतल्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. अलीकडचा भाग बंद केला, तर शेजारच्या फांदीतून फिरून रक्त उलट्या दिशेने पिशवीत येतं. म्हणून आधी पलीकडे कॉइल, मग अलीकडे कॉइल. कॉइल म्हणजे प्लॅटिनमची केसासारखी तार, तिच्यावर बहुधा कृत्रिम धाग्यांचे बारीक तंतू असतात. नळीत असताना ती सरळ असते, टोकातून बाहेर पडली की स्वतःची वेटोळी घेते आणि तिच्याभोवती रक्त गोठून वाट बंद होते.

कॉइलने वाट बंद व्हायला पेशंटचं रक्त गोठावं लागतं. खूप रक्त गेलेल्या, प्लेटलेट उतरलेल्या किंवा यकृत निकामी होत आलेल्या पेशंटमध्ये ते नीट गोठत नाही. तिथे, किंवा मायक्रोकॅथेटर पिशवीपलीकडे जातच नसेल तिथे, ग्लू कामाला येतो. तेलकट डायमध्ये मिसळलेला हा ग्लू रक्ताला लागताच घट्ट होतो. त्याचं प्रमाण आणि वेग हातच्या अनुभवावर ठरतं. तो चुकीच्या फांदीत गेला तर परत काढता येत नाही. एरवी बारीकसारीक रक्तस्रावात वापरतात तो जिलेटिनचा स्पंज काही दिवस-आठवड्यांत विरघळतो, म्हणून स्यूडोॲन्युरिझममध्ये नुसत्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सगळ्या वाटा बंद असतील, तर सोनोग्राफीत पाहत पोटावरून सुई थेट पिशवीत घालून तिथेच रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन किंवा ग्लू भरण्याचा मार्गही असतो.

नातेवाईक हमखास विचारतात, धमनी बंद केल्यावर यकृत मरणार नाही का? प्रश्न रास्त आहे. यकृताला दोन ठिकाणांहून रक्त येतं. जवळपास तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून आणि साधारण एक चतुर्थांश धमनीतून. म्हणून पोर्टल शीर उघडी असेल तर धमनीची एक फांदी बंद झालेली यकृत सहसा सोसतं. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: ‘पोर्टल शीर उघडी आहे ना?’ ती गुठळीने बंद असेल तर बेत बदलावा लागतो. पित्तनलिकांचं पोषण मात्र धमनीवरच अवलंबून असतं. प्रत्यारोपण केलेल्या यकृतात ही अडचण फार मोठी होते, कारण मूळ यकृताला आजूबाजूने मिळणारा जोडरक्तपुरवठा तिथे तुटलेला असतो आणि मुख्य धमनी बंद केली तर अख्खं नवं यकृत गमवावं लागू शकतं. अशा ठिकाणी धमनी चालू ठेवून भोक आतून झाकायचं असतं. त्यासाठी कापडासारखं अस्तर असलेला कव्हर्ड स्टेंट वापरतात. धमनी पुरेशी रुंद आणि फार वळणावळणाची नसेल तरच तो बसतो. नंतर तो तुंबू नये म्हणून अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी घ्यावी लागते, आणि नुकताच रक्तस्राव झालेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी केव्हापासून द्यायची, हे सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. प्रत्यारोपण झालेल्यांनी शक्यतो ज्या केंद्रात प्रत्यारोपण झालं तिथेच जावं, हे यासाठीच.

पोट उघडून धमनी बांधणं हा जुना मार्ग. काही वेळा तो आजही लागतो: रेडिओलॉजीचा प्रयत्न फसला, पोटात पू पसरलाय, किंवा पेशंट इतका खालावलाय की कॅथलॅबपर्यंत पोहोचणं शक्य नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेल्या, चिकटलेल्या, रक्ताने भरलेल्या पोटात ती धमनी शोधणं सर्जनसाठी फार कठीण असतं. यकृताच्या रक्तस्रावावर कॅथेटरमधून इलाज केल्याची नोंद १९७६ मध्ये झाली. तेव्हापासून अनुभव वाढत गेला आणि आज जिथे सोय आहे तिथे हाच पहिला पर्याय मानला जातो. बहुतेक केंद्रांच्या अनुभवात नव्वद टक्क्यांच्या आसपास पेशंटमध्ये रक्तस्राव आटोक्यात येतो. राहिलेल्यांत पुन्हा एम्बोलायझेशन करावं लागतं किंवा ऑपरेशन.

संमतीच्या कागदावर सही करण्याआधी काही गोष्टी आपण होऊन सांगा. अँजिओप्लास्टी झाली असेल आणि क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफरिन चालू असेल तर ते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते. किडनीचा आजार, दमा, आधी कधी डायची रिअ‍ॅक्शन, गर्भारपणाची शक्यता. यातली कुठलीही गोळी मनाने बंद करू नका, फक्त सांगा. क्रिएटिनिन वाढलेलं असलं तरी वाहतं रक्त थांबवणं आधी येतं. किडनीची काळजी बरोबरीने घेता येते.

काम संपल्यावर जांघेतून नळी घातली असेल तर चार ते सहा तास तो पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. पट्टी ओली लाल होतेय का, जांघेत गोळा वाढतोय का, पाय गार पडतोय का, हे नातेवाइकांनीही पाहावं. पुढचे दोन-तीन दिवस पोट दुखतं, हलका ताप येतो, रक्तात यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसतात. हे अपेक्षित असतं. काळी शीसुद्धा आणखी काही दिवस होत राहते, कारण आतड्यात साठलेलं जुनं रक्त बाहेर पडत असतं. तिने घाबरू नका. घाबरावं ते नाडी पुन्हा जलद झाली, हिमोग्लोबिन पुन्हा घसरलं किंवा ताजं लाल रक्त दिसलं तर. थंडी वाजून मोठा ताप आला तर यकृतात पू झाला नाही ना, हे पाहावं लागतं. पित्तनलिका आतड्याला जोडलेल्या पेशंटमध्ये हा धोका जास्त असतो, कारण आतड्यातले जंतू थेट वर जाऊ शकतात. पित्तनलिकेत गुठळ्या अडकून कावीळ उतरत नसेल तर एंडोस्कोपीतून त्या काढाव्या लागतात.

खर्चाबद्दल मोकळेपणाने विचारा. बिलाचा मोठा वाटा कॉइलचा असतो. किती लागतील हे आधी नक्की सांगता येत नाही, पण एका कॉइलची किंमत आणि साधारण अंदाज डॉक्टर सांगू शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली काय बसतं, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको. प्रत्येक कॉइल आणि स्टेंटच्या खोक्यावर स्टिकर असतो, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. हे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले आहेत ना ते पाहा आणि त्यांची झेरॉक्स घ्या. मेडिक्लेमला ते लागतात. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर तिथला तंत्रज्ञही पहिल्यांदा तेच विचारतो. प्लॅटिनमच्या कॉइलना एमआरआय बहुधा चालतो, पण कुठली कॉइल आहे हे त्याला माहीत असावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर कुठल्या बाजूच्या धमनीत काय बसवलं, पुढची सीटी किंवा डॉप्लर कोणत्या तारखेला, हे लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका. आणि त्या तारखेला पेशंट ठणठणीत दिसत असला, शेतात किंवा ऑफिसात जाऊ लागला असला, तरी त्याला तपासणीला घेऊन जा.